१४४१६ ला फोन लावून पाहिला
भाचा नागपूरच्या रामनगरात रूम करून राहतो, मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा रिपीट करून रायला. दोन महिने झाले झोप नाही, तर्री-पोहे आणले तरी उठेना, शेवटी मीच टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावून त्याच्या हातात दिला. सरकारी म्हणजे कोण उचलते असंच वाटलं होतं बाप्पा, पण उचलला! मराठीत बोलता येते, पैसे लागत नाही, चोवीस तास चालू. आधी हो-नाही करत होता, मग गच्चीवर जाऊन पाऊण तास बोलला, काय बोलला ते मी विचारलं नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून हे चालू आहे अन् आमच्या गल्लीत कोणालेच माहीत नाही, क्लासवाल्यांच्या होर्डिंगवर नुसत्या रँका.

तिकडून डॉक्टरला दाखवा म्हटलं, तिथं गाडी अडली. एका सरकारी ओपीडीत सकाळी ८ ले लाइनीत लागलो तं नंबर दुपारी, ५ मिनिटांत गोळ्या लिहून मोकळे, काउन्सेलर रजेवर! फोनला ४ स्टार, ओपीडीला दीड, तोही चिठ्ठी देणाऱ्या मावशींमुळे. गोळ्या चालू आहेत, भाचा संध्याकाळी फुटाळा तलावावर चालायले जाते.