पेन्शनचे ऐंशी हजार आणि अर्जातली एक ओळ

रात्री 11:52 ला बाबांचा मोबाईल वाजला. दहा हजार. पाठोपाठ आणखी दहा. मग अजून. झोपेत त्यांना वाटलं, जाहिरातींचे मेसेज असतील. चाळीस हजार काढून चोर थांबले ते बारा वाजेपर्यंतच. तारीख बदलली की दिवसाची मर्यादा नव्याने सुरू होते, हे चोरांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी पाहिलं तर पेन्शनच्या खात्यातले ऐंशी हजार दिल्लीच्या एटीएममधून गेलेले. बाबा सांगलीत, कार्ड पाकिटात.

ही गोष्ट नोव्हेंबर 2018 ची. कार्ड जुनं, चिप नसलेलं, मागे नुसती काळी पट्टी. एटीएममध्ये कार्ड घालतो त्या फटीवर चोर एक यंत्र बसवतात, ते पट्टीवरची माहिती उचलतं; छोटा कॅमेरा पिन टिपतो. ही कार्डं 31 डिसेंबरपर्यंत बदलायचा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. बाबांना नवं कार्ड आलंच नव्हतं.

हेल्पलाइनवरून कार्ड बंद केलं आणि शाखा उघडताच गेलो. "काका, पिन तुम्हीच कुणाला तरी सांगितला असणार," साहेब म्हणाले. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस खाली मान घालून उभा. मग तिथल्याच एकाने आपुलकीने अर्ज लिहून दिला. त्यात एक ओळ होती: "माझ्या नजरचुकीने पिन इतरांस समजला असावा." बाबांनी सहीसाठी पेन काढलंसुद्धा. मी कागद हातातून घेतला.

त्या एका ओळीने पैसे बुडाले असते. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक लागू होतं. त्यानुसार ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचंच. पण चूक तिऱ्हाईताची असेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नव्हता. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची. हे शाखेत आम्हाला कुणीच सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.

मी नवा अर्ज लिहिला: कार्ड बाबांकडेच आहे, पिन कुणाला दिलेला नाही, त्या एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. शिक्का, तारीख आणि वेळ घालून पोच घेतली. पोलीस ठाण्यातही तक्रार दिली.

त्याच परिपत्रकानुसार दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी होती. झाली नाही. महिना उलटल्यावर पोच जोडून बँकिंग लोकपालांकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार केली, तेव्हा कुठे पूर्ण ऐंशी हजार परत आले.

आता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करता येतो, तो आधी करा. आणि घरातल्या वयस्कर माणसाला शाखेत एकटं पाठवू नका. बाबा एकटे गेले असते तर त्यांनी सही केली असती.