मुलाची ऑनलाइन थेरपी: स्पीच, ओटी की समुपदेशन, त्यावर घराची मांडणी

‘लॅपटॉप घ्यावा, की टॅब चालेल?’ ऑनलाइन सेशन ठरलं की पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. पण त्याआधी थेरपिस्टला पडद्यावर काय दिसायला हवं, हे ठरवा. स्पीच थेरपीत ओठ आणि जीभ दिसायला हवी. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे हातांची कामं आणि शरीराच्या हालचाली सुधारणाऱ्या ओटीत, अख्खं शरीर आणि हात. समुपदेशनात चेहरा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोलीचं दार बंद असणं. एकाच मुलाची स्पीच आणि ओटी दोन्ही चालू असेल, तर दोन्हींना एकच कोपरा पुरेल असं धरून चालू नका.

स्पीचमध्ये सगळं उजेडावर आणि आवाजावर अवलंबून असतं. ‘कावळा’ला ‘तावळा’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ दातांकडे जाते आहे की मागून उचलली जाते आहे, हे थेरपिस्ट तोंडात डोकावून पाहत असते. खिडकी मुलाच्या पाठीशी असली, तर तिला नुसती काळी आकृती दिसते. म्हणून खिडकी किंवा दिवा समोर हवा. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल इतकी पुस्तकं लॅपटॉपखाली रचा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा. पाय टेकले की चुळबुळ बरीच कमी होते.

हॉल की बेडरूम? हॉलमध्ये जागा असते, पण फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. शिवाय बेल, कुकर आणि टीव्ही आहेतच. बेडरूममध्ये गाद्या, पडदे, कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ मधला फरक स्पष्ट ऐकू जातो. माझा कौल बेडरूमला, फक्त मुलाला पलंगावर बसवू नका. पाच मिनिटांत ते लोळायला लागतं. झूमसारखी ॲप्स पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप दाबतात आणि त्यात फुंकर, शिट्टी, टाळीही गाळली जाऊ शकते. अशा खेळांच्या वेळी ते सेटिंग बंद करता येतं का, हे आधीच पाहून ठेवा.

ओटीचं गणित उलटं. इथे टेबल-खुर्ची अडचणच करते. सतरंजी अंथरून मूल उड्या मारेल, रांगेल, उशीवरून लोळेल इतकी जागा मोकळी करा आणि कॅमेरा दूर ठेवा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत दिसेल. इथे हॉल जिंकतो. आणि लॅपटॉपपेक्षा मोबाइल बरा, कारण कात्री धरलेली बोटं दाखवायला तो पटकन जवळ नेता येतो, परत स्टँडवर ठेवता येतो. साहित्यासाठी दुकानात धावू नका. कणकेचा गोळा, कपड्यांचे चिमटे, मणी-दोरा, उशा, जुनी चादर एवढ्यात बरंच भागतं. राजमा किंवा मणी काढाल तेव्हा मात्र नजर हलवू नका. लहान मुलं ते नाकात घालतात. सगळा पसारा आधीच समोर मांडू नका. झाकणाच्या डब्यात ठेवा आणि थेरपिस्ट सांगेल तशी एकेक वस्तू काढा.

मोठ्या मुलांच्या समुपदेशनात कॅमेऱ्याचा कोन फारसा महत्त्वाचा नाही. अकरा-बारा वर्षांचं मूल घरच्यांबद्दल बोलणार असतं, आणि वन बीएचकेत घरचे भिंतीपलीकडेच असतात. इयरफोनमुळे थेरपिस्टचं बोलणं बाहेर जात नाही, पण मुलाचं जातंच. त्यावर साधा तोडगा म्हणजे त्या वेळेत बाकीच्यांनी खाली चक्कर मारावी आणि एकाने घरात, पण दुसऱ्या टोकाला थांबावं. समोर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतील तर मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस असायलाच हवं. सुरुवातीला तुम्ही समोर या आणि पुढचा वेळ खोलीबाहेर कधी थांबायचं, हे डॉक्टरांना ठरवू द्या. सेशन रेकॉर्ड करायचं असेल तर थेरपिस्टला आणि मुलालाही विचारा. चोरून तर अजिबात करू नका.

शेजारी कोण बसणार, यावरही बरंच अवलंबून असतं. ओटीत पालक हेच थेरपिस्टचे हात, त्यामुळे तिथे दोन्ही हात मोकळे असलेलं माणूस हवं, आणि धाकट्या भावंडाला सांभाळणारं दुसरं. स्पीचमध्ये शेजारी बसणाऱ्याने गप्प बसायला शिकायचं असतं, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. थेरपिस्टने ‘हे काय आहे?’ विचारलं की स्वयंपाकघरातून आजी ‘हत्ती! सांग ना रे, हत्ती!’ म्हणते. प्रेमानेच म्हणते, पण मुलाला शब्द शोधायला लागणारे दहा सेकंद तिथेच जातात. आजींना आधीच समजावून सांगा, किंवा त्यांनाच एखाद्या सेशनला शेजारी बसवा. थेरपिस्ट कशी वाट पाहते ते बघितलं की त्या सुनेलाही गप्प बसवतात.

उपकरणांसाठी वेगळा खर्च करावा असं मला वाटत नाही. टॅबवर लहान मुलांची बोटं सारखी फिरतात आणि कॉल कट होतो. मोबाइल आडवा धरून स्टँडवर ठेवला आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावला तर स्पीचलाही चालतो. एक पथ्य पाळा: ज्या पडद्यावर सेशन, त्यावर आधी कार्टून नको. ते बंद करताना रडारड होते आणि पुढचा सगळा वेळ मूल कार्टून परत यायची वाट बघतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2 ते 5 वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला आहे, तेव्हा सेशनच्या दिवशी बाकीचा पडदा बंद ठेवला तर हिशेबही सोपा होतो.

वेळ निवडताना मुलाची भूक आणि झोप आधी बघा, मग वीज. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तो दिवस टाळलेला बरा. नाहीतर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. परदेशातून मराठी बोलणारी थेरपिस्ट शोधणाऱ्यांनी घड्याळ बघावं. न्यू जर्सीचे सकाळचे साडेनऊ म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे सात, नोव्हेंबरनंतर रात्रीचे आठ. तेव्हा वर्षभराची वेळ एकदाच ठरवून चालत नाही.

पहिल्या सेशनच्या आदल्या दिवशी मुलाशिवाय दहा मिनिटांचा कॉल मागून घ्या. मुलाच्या खुर्चीत स्वतः बसा, थेरपिस्टला खोली फिरवून दाखवा आणि तिला काय दिसत नाही ते विचारा.