भायखळ्याच्या गाळ्यात आठ दिवस, बावीस जण आणि प्लायचा एक पॅव्हेलियन

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत भायखळ्याच्या एका गाळ्यात हे आठ दिवसांचं वर्कशॉप केलं, ऱ्हायनो-ग्रासहॉपर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करायचं, सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर प्लाय कापायचा आणि शेवटी माणूस आत उभा राहील एवढा पॅव्हेलियन, म्हणजे छोटं तात्पुरतं बांधकाम, आपल्या हाताने जोडायचा. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रारीपण आहेत, पण आधी सांगते, पैसे वसूल झाले.

पहिले तीन दिवस नुसतं सॉफ्टवेअर, त्यात नवीन काही नाही, यूट्यूबवर मिळतं. खरी मजा पाचव्या दिवशी. आमचं स्ट्रक्चर वॅफल पद्धतीचं होतं, म्हणजे बाटल्यांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे असतात ना, तशा उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींच्या खाचांत बसवायच्या. फाईलमध्ये प्लाय १२ एमएम धरलेला, बिलावर पण १२च, आणि पहिल्या चार शीट कापून जोडायला घेतल्या तर काही पट्ट्या खडखड हलतायत आणि काही हातोड्याने ठोकून पण आत जाईनात! जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर एक शीट ११.४ आणि दुसरी १२.२. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, हा शब्द तीन वर्षं नोट्समध्ये लिहितेय, हाताला तो त्या दिवशी कळला. मग सरांनी ग्रासहॉपरमध्ये जाडीचा एकच स्लायडर सरकवला आणि तीनशेच्या वर खाचा एकदम बदलल्या. ह्यालाच पॅरामेट्रिक डिझाइन म्हणतात, एक आकडा बदलला की बाकीचं आपोआप बदलतं. मला ते म्हणजे नुसते वेडेवाकडे आकार असंच वाटायचं, ते डोक्यातून गेलं ते कायमचं. शिवाय मशीनचा कापायचा ६ एमएमचा बिट गोल असतो त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनात कापला जात नाही, ३ एमएमची गोलाई राहते, म्हणून तिथे थोडं जास्त कोरायचं, त्याला डॉगबोन म्हणतात, हे पण तिथेच शिकले.

आणि सुतारकाका. त्यांना कोणी लेक्चर द्यायला सांगितलं नव्हतं पण मला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं. शीट वाचावी म्हणून सॉफ्टवेअरने तुकडे कसेही फिरवून बसवले होते, काकांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, ह्या पायात लाकडाचे रेशे आडवे आलेत, तुटणार. तुटलाच, उभा करतानाच.

आता तक्रारी. मटेरियलचे पैसे वेगळे हे चौथ्या दिवशी सांगितलं, फॉर्मवर कुठेच नव्हतं. बावीस जणांत मशीन एकच, दुपारभर नुसतं बसून राहायचं. प्लायच्या धुळीत मास्क उशिरा आले, हे तर चालणारच नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. लेक्चरमध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टचा २०१०चा पॅव्हेलियन दाखवला, ६.५ एमएम बर्च प्लायच्या पट्ट्या वाकवून केलेला, मग जर्मन आर्किटेक्ट फ्राय ओट्टोंची मानहाइम शहरातली मल्टीहाले, १९७५ची, बागांच्या प्रदर्शनापुरती बांधलेली लाकडी जाळी जी अजून उभी आहे. दोन्ही बघून अंगावर काटा आला. पण मुंबईत बसून तात्पुरत्या बांधकामावर आठ दिवस बोललो आणि मंडपवाल्यांचं नाव एकदाही निघालं नाही? गणपतीच्या आधी गल्लीत बांबू-वासे येतात, दोरीने बांधून सांगाडा उभा राहतो, विसर्जन झालं की सोडून तेच बांबू नवरात्रीला दुसरीकडे जातात. आमचा पॅव्हेलियन बोल्टचा होता म्हणून सुटा झाला खरा, पण खाचा पाडलेल्या पट्ट्या कोण घेणार, अर्ध्याहून जास्त प्लाय भंगारात गेला. एक दिवस मंडप बांधणाऱ्या माणसाला बोलवा, त्याच्यासोबत एक कमान बांधू दे पोरांना, असं फीडबॅकमध्ये लिहून आलेय.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी नक्की जा, पण ऱ्हायनो थोडं येत असेल तरच, नाहीतर पहिले तीन दिवस दमछाक होते. तुकड्यांवर नंबर कोरायला विसरू नका, आमच्या ग्रुपचे दोन तास त्यातच गेले. आणि व्हर्नियर घरून न्या, तिथे दोनच आहेत.