आठ महिने डीव्हीडी-आर वापरल्यावर: काठोकाठ भरू नका
माझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या कीर्तनाच्या २४ कॅसेट जानेवारीत लॅपटॉपवर घेतल्या आणि डीव्हीडी-आरवर (एकदाच लिहिता येणारी कोरी डीव्हीडी) राइट करून ठेवल्या. आता गणपतीत आई म्हणाली, अगं, नानांचं ते सुदामाचं आख्यान लाव ना, तर ती फाइल उघडेचना. लॅपटॉपवरची कॉपी जागा हवी म्हणून मी मार्चमध्येच उडवलेली. त्या क्षणी पोटात गोळा आला.

डिस्क पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतल्या होत्या, सुट्ट्या, पन्नासच्या गड्ड्यातल्या, वर कंपनीचं नाव नाही. बॉक्सवाल्यापेक्षा डिस्कमागे पाच रुपये स्वस्त. दुकानदाराकडे परत गेले तर म्हणाला राइट केलेली डिस्क बदलून मिळत नाही मॅडम. मी म्हटलं अहो, राइट केल्याशिवाय खराब आहे हे कळणार कसं? अर्धा तास वाद घातला, हाती काही नाही.

घरी येऊन चारही डिस्क तपासल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटची वेव्ह फाइल (आवाज न दाबता जशाच्या तशा आकारात ठेवणारी) साधारण ६०५ एमबी होते. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटरवर ४.३८ च दिसतात, म्हणून एका डिस्कवर सात कॅसेट बसवल्या होत्या. पहिल्या तिन्ही डिस्कवरची सातवी कॅसेट गेलेली, आणि चौथीवर तीनच होत्या त्या तिन्ही ठणठणीत! डिस्क आतून बाहेर राइट होत जाते, म्हणजे शेवटची फाइल एकदम कडेला येते. डाय, म्हणजे ज्या रंगाच्या थरावर डेटा लिहिला जातो तो, लावताना कडेलाच कमीजास्त होतो, डिस्क फिरताना कडच जास्त हलते, आणि डीव्हीडी ही दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते त्यामुळे दमट हवाही कडेनेच आत शिरते. आमच्याकडे त्या खिडकीलगतच्या कपाटात अख्खा पावसाळा पडून होत्या. आणि हिशोब बघा, सातच्या भागाने चार डिस्क लागल्या, सहाच्या भागाने लावल्या असत्या तरी २४ कॅसेटना चारच! काठोकाठ भरून मी एक डिस्कसुद्धा वाचवली नव्हती. याचं वाईट अजून जात नाही.

इथपर्यंत लिहून सगळा दोष डिस्कला देणार होते, पण काल शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातल्या तर तीनपैकी दोन फाइल निघाल्या, सुदामासकट. म्हणजे माझा यूएसबीवाला बारीक रायटरही कमी पडत होता. तेव्हा एका ड्राइव्हने नाही म्हटलं म्हणून डिस्क टाकून देऊ नका. तिसरी कॅसेट परत घ्यावी लागली, मूळ कॅसेट फेकल्या नव्हत्या म्हणून बरं.

डीव्हीडी+आर (प्लस) घ्यायची की डीव्हीडी-आर (मायनस) यावर लोक फार डोकं लावतात. मायनस पायोनिअरने १९९७ ला आणली, प्लस फिलिप्स-सोनीच्या गटाने २००२ ला. आताचे रायटर दोन्ही करतात, जपून ठेवायला फरक पडत नाही, फक्त हॉलमधला जुना प्लेअर असेल तर मायनस घ्या. आरडब्ल्यूवर पुसून पुन्हा लिहिता येतं, हजारेक वेळा, पण ती रोजच्या ने-आणीसाठी, जपायच्या गोष्टी तिच्यावर नको. २५ जीबीच्या एका ब्लू-रेवर माझ्या सगळ्या कॅसेट मावल्या असत्या, पण त्याला रायटर वेगळा लागतो, आणि सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणंच थांबवलं.

खरा आनंद साध्या सीडी-आरने दिला. आईच्या जुन्या सीडी प्लेअरला वेव्ह फाइलची डिस्क कळत नव्हती, म्हणून ८० मिनिटांच्या सीडीवर एकेक कॅसेट ऑडिओ सीडी म्हणून राइट केली, फायनलाइज केली (म्हणजे साध्या प्लेअरला वाचता यावी म्हणून शेवटी बंद केली), आणि पहिल्या झटक्यात वाजली. आई डोळे मिटून ऐकत बसली होती, मध्येच म्हणाली नाना इथे नेहमी थांबायचे बघ, आणि खरंच थांबले. सीडीच्या वरच्या बाजूला बॉलपेनने मात्र लिहू नका, डेटाचा थर त्या बाजूला अगदी वरच असतो.

आता बॉक्समधल्या डिस्क आणल्यात, पाच रुपये जास्त देऊन. १६ एक्सच्या (म्हणजे सोळापट वेगाच्या) डिस्क ४ एक्सवर राइट करते, नंतर व्हेरिफाय (राइट झालेलं नीट वाचता येतं का ते तपासणं), मग काकांच्या ड्राइव्हमध्येही एकदा घालून बघते. प्रत्येकीवर सहाच कॅसेट, कडेची जागा मोकळी, आणि एक संच मामाकडे साताऱ्याला पाठवलाय.