लेडी चॅटर्ली पडद्यावर: नेमकी कोणती बघायची?

डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’वर इतक्या जणांनी आपलं कसब आजमावलंय की बघायला बसणारा आधी यादीतच अडकतो. १९५५चा फ्रेंच सिनेमा, १९८१चा, १९९३ची बीबीसीची मालिका, २००६चा पुन्हा फ्रेंच, २०१५ची बीबीसीचीच टेलिफिल्म आणि २०२२चा नेटफ्लिक्सवरचा. माझ्या मते खरी निवड २००६ आणि २०२२ या दोघांतच आहे. बाकीच्यांचं पुढे थोडक्यात सांगतो.

गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. पहिल्या महायुद्धातून कमरेखाली लुळा होऊन परतलेला सर क्लिफर्ड, त्याची तरुण बायको कॉनी, आणि इस्टेटीवरचा गेमकीपर, म्हणजे मालकाच्या शिकारीसाठी रानातले पक्षी सांभाळणारा नोकर. पुस्तक १९२८ साली फ्लोरेन्समध्ये खासगीत छापावं लागलं. १९६०च्या लंडनमधल्या अश्लीलतेच्या खटल्यात सरकारी वकिलाने ज्युरीला विचारलं होतं, हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकराने वाचावं असं तुम्हाला वाटेल का? ज्युरीने प्रकाशक पेंग्विनला निर्दोष सोडलं. आपल्याकडे मात्र हेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईतल्या एका बुक स्टॉलच्या भागीदाराला २० रुपये दंड झाला. लेखक मुल्कराज आनंदांनी बचावाच्या बाजूने साक्ष देऊनही काही उपयोग झाला नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. (पाचच वर्षांनी चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ त्याच न्यायालयात अश्लीलतेच्या आरोपातून सुटली. मराठी लेखकाचं नशीब त्या मानाने बरं.)

एवढा इतिहास पाठीशी असल्यामुळे प्रेक्षक एकच गोष्ट मोजत बसतो: किती दाखवलंय? आणि इथेच निवड चुकते. नागडं शरीर दाखवणं हा या कादंबरीच्या रूपांतरातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते कॉनीच्या आत हळूहळू काय हलतंय ते दाखवणं, कारण पुस्तकात ते सगळं निवेदनात आहे आणि कॅमेऱ्याला निवेदन दिसत नाही. त्याहून अवघड आहे तो नायक. पुस्तकातला मेलर्स, म्हणजे तो गेमकीपर, हिंदुस्थानात लष्करात राहून आलेला, लेफ्टनंट झालेला माणूस आहे. त्याला साहेबी इंग्रजी उत्तम येतं, पण मनात आलं की मुद्दाम डर्बीशायरची गावरान बोली काढतो, विशेषतः समोरच्याला त्याची जागा दाखवायची असली की. शिवाय तो भाषणं देतो. कोळसा, पैसा, यंत्रं, माणसाचं होणारं मातेरं, सगळ्यावर देतो. वाचताना पानं उलटता येतात. थिएटरात ती सोय नाही.

पास्कल फेरां या दिग्दर्शिकेने २००६च्या सिनेमात यावर सरळ मार्ग काढला. लॉरेन्सने ही कादंबरी तीनदा लिहिली होती. तिने छापून गाजलेला तिसरा खर्डा बाजूला ठेवून दुसरा उचलला. त्यात गेमकीपरचं नाव पार्किन आहे आणि तो खरोखरच साधा कामकरी माणूस आहे. अधिकारी नाही, वक्ता तर नाहीच. ज्याँ-लुई कुलॉक या नटाकडे पाहिलं की पोस्टरवरचा हिरो आठवत नाही. रुंद, जडसर, लाजरा, बोलायची वेळ आली की खाली बघणारा. त्यामुळे मरीना हँड्सची कॉनी त्याच्याकडे का ओढली जाते हे लगेच कळत नाही, आणि तिलाही ते कळत नसतं. पहिल्या भेटी कपड्यांतच उरकतात, अवघडून, घाईघाईत. मग ती परत घरी चालत जाते, आणि ते चालणंही सिनेमा दाखवतो. झाडं, पाणी, ऋतू बदलणं, कोंबडीखालची पिल्लं. प्रत्येक भेटीत दोघांची भीड थोडी कमी झालेली असते. पावसात नागडं धावण्याचा प्रसंग येईपर्यंत दोन तास उलटून गेलेले असतात, म्हणून तो दोन मोठ्या माणसांचा पोरखेळ वाटतो, पोझ वाटत नाही. १६८ मिनिटांचा हा सिनेमा कंटाळवाणा आहे म्हणणारे भेटतील. पहिल्या अर्ध्या तासापुरतं मलाही पटतं. पण फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला उगाच मिळालेला नाही.

२०२२चा, लॉर द क्लेरमाँ-तोनेरने दिग्दर्शित केलेला, त्याच्या उलट घाईत आहे. डेव्हिड मगीची पटकथा नीटनेटकी आहे, दोन तासांच्या थोडं वर सगळं बसवते. एमा कॉरिनची कॉनी पहिल्यापासून चुळबुळणारी, आजच्या मुलीसारखी. जॅक ओकॉनेलचा मेलर्स हळवा, पुस्तकं वाचणारा, बोलीचा काटा बराचसा बोथट केलेला. कॅमेरा हातात धरून त्यांच्या मागे पळतो. प्रणयदृश्यं धीट आहेत, आणि पुरुषाचं शरीरही बाईच्या शरीराइतकंच दाखवलं आहे, हे मला आवडलं. पण दोघं इतक्या लवकर एकमेकांना शोभायला लागतात की त्यांच्यातलं वर्गाचं अंतर पाहणाऱ्याला विसरायला होतं.

दोघांची परीक्षा घ्यायची तर क्लिफर्डच्या मोटारखुर्चीचा प्रसंग बघा. चढावर खुर्ची अडकते, तो मदत घ्यायला तयार नसतो, इंजिनाला पिळत राहतो, आणि शेवटी नोकरालाच मागून ढकलावं लागतं. मालक, बायको आणि तिचा प्रियकर एकाच चढावर, आणि नवऱ्याला त्यातलं काहीच माहीत नाही. फेरां या प्रसंगाला भरपूर वेळ देते. तो विनोदी होतो, मग लाजिरवाणा, आणि क्लिफर्डचा राग येता येता त्याची कीवही येते. २०२२मध्ये त्याच प्रसंगाचं काम एवढंच, की क्लिफर्ड किती उर्मट आहे ते आपल्याला पटावं. तो इतका सहज नावडता केलाय की कॉनीला घर सोडताना फारशी किंमत मोजावी लागत नाही. या सिनेमावरचा माझा मोठा आक्षेप हाच.

शेवट आधी कळलेला चालत नसेल तर हा परिच्छेद सोडा. पुस्तक संपतं ते मेलर्सच्या पत्रावर: तो एका शेतावर, ती दूर, दोन्हीकडचे घटस्फोट अधांतरी. फेरांचा सिनेमा दोघांच्या बोलण्यावर थांबतो, पुढचं ठरवत नाही. २०२२चा त्यांची भेट घडवून आणतो. घरी गोड मनाने झोपायचं असेल तर अर्थात तोच.

व्यवहाराचं सांगायचं तर २०२२चा इंग्रजीत, नेटफ्लिक्सवर, एका क्लिकवर. २००६चा फ्रेंचमध्ये, सबटायटल वाचत बघायचा, आणि तो मध्ये थांबवून बघण्यात अर्थ नाही. दोन्ही हॉलमधल्या टीव्हीवर सगळ्या घरासमोर लावण्याजोगे नाहीत. पुस्तक वाचलं असेल आणि सलग तीन तास मोकळे असतील तर मी २००६च म्हणेन. पुस्तक हातात घ्यायचं की नाही हेच अजून ठरत नसेल, किंवा जोडीदाराबरोबर शनिवारी रात्री काहीतरी बघायचं असेल, तर २०२२ने निराशा होणार नाही.

बाकीचे. १९८१चा जुस्त जॅकँचा, सिल्व्हिया क्रिस्टेलला घेऊन काढलेला. ‘इमॅन्युएल’ या गाजलेल्या शृंगारपटाच्या जोडीकडून जे अपेक्षित असतं तेच मिळतं, कादंबरीतल्या कोळशाच्या खाणी केवळ नावाला. १९५५चा गंमत म्हणून: न्यूयॉर्कने त्यावर बंदी घातली होती आणि १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, पण आज बघताना गदारोळ कशावरून झाला ते शोधावं लागतं. केन रसेलच्या १९९३च्या मालिकेत शॉन बीनचा मेलर्स बोलीसकट भेटतो, चार भागांमुळे सर्वांत ऐसपैसही आहे, आणि तिथली कॉनी, जोली रिचर्डसन, २०२२मध्ये क्लिफर्डची देखभाल करणारी मिसेस बोल्टन होऊन परत येते. २०१५ची नव्वद मिनिटांची आहे, शृंगार बेताचाच. पण जेम्स नॉर्टनचा क्लिफर्ड माणूस वाटतो. नवऱ्याची बाजू पाहायची असेल तर ती चुकवू नका.