टेबल-फीड बंद पडला: दुरुस्ती, नवं युनिट की व्हीएफडी?

भोसरीपासून धायरीपर्यंत कुठल्याही टूलरूममध्ये टरेट मिलिंग मशीनचा टेबल-फीड (टेबल मोटरने सरकवणारं युनिट, म्हणजेच पॉवर फीड) अडला, की पहिला फोन नव्या पॉवर फीडचा भाव विचारायला जातो. तो फोन दहा मिनिटं थांबवा. फीड अडलाय की टेबल, हे आधी कळलं पाहिजे.

मेन बंद करा, फीडचा लिव्हर न्यूट्रलला आणा, टेबलचे दोन्ही लॉक सैल करा (एखादा लॉक आवळलेलाच राहिलाय, असं बरेचदा निघतं) आणि हँडल हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधे हलकं नि टोकांना जड लागलं, तर स्लाइड मधे झिजली आहे आणि जिब (स्लाइडमधली ढिलाई काढणारी पट्टी) त्या मधल्या मापाला आवळलेली आहे. अशा टेबलाला कितीही महागाचा फीड लावा, टोकाला तो घुरघुरणारच. खर्च आधी जिब नि टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर करा.

हँडल सगळीकडे सारखं फिरलं, तर दोष फीडमध्ये. एकाच दिशेला चालतो? त्या बाजूच्या लिमिट स्विचचा प्लंजर कूलंट आणि किसाने चिकटलेला असतो, नाहीतर लिव्हरखालचा मायक्रोस्विच गेलेला. रॅपिड (पूर्ण वेगाने) चालतो पण हळू चालत नाही, तर पॉट (वेगाच्या डायलमागचा पोटेन्शिओमीटर) किंवा बोर्ड. लिव्हर टाकताच पूर्ण वेगाने सुटतो, तर पॉट आतून तुटलाय किंवा बोर्डावरचा एससीआर (मोटरची वीज कमी-जास्त करणारा भाग) शॉर्ट आहे. ही अवस्था धोक्याची, जॉबवर कटर असताना तपासत बसू नका. मोटर फिरते पण टेबल हलत नाही, तर क्लच, चावी किंवा आतला फायबरचा गिअर. झटके देत चालतो, तर आधी कार्बन ब्रश बघा. हाताने फिरवतानाही झटके लागत असतील, तर मात्र स्लाइडला तेल पोचत नाहीये.

दुरुस्ती. दोष ब्रश, पॉट, स्विच किंवा गिअरचा असेल तर दुसरा विचारच नको. पॉट काढून मल्टीमीटर लावा नि हळूहळू फिरवा. आकडा मधेच उडाला तर पॉट बदला. तेवढ्याच ओहमचा पॉट बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळतो. ब्रश नव्याच्या निम्म्याहून आखूड झाले असतील तर जोडीनेच बदला. जळलेला बोर्ड एकदा दुरुस्त करून बघायला हरकत नाही. तोच बोर्ड पावसाळ्यात पुन्हा गेला, तर मात्र कूलंट कुठून आत शिरतोय ते शोधा, नाहीतर नव्या युनिटचंही तेच होईल.

नवं बोल्ट-ऑन युनिट, म्हणजे टेबलाला बोल्टने बसणारा तयार पॉवर फीड. बोर्ड आणि गिअर दोन्ही गेले असतील तर हेच बरं. गुरुवारच्या सुट्टीत एका फिटरकडून बसतं. घोटाळे दोन ठिकाणी होतात. पहिला व्होल्टेजचा: बरीच आयात युनिटं 110 व्होल्टची असतात. ती थेट 230 वर लावली तर बोर्ड तिथेच संपतो. प्लेटवरचे अँपियर गुणिले 110, वर चौथाई जादा, एवढ्या व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. दुसरा बेव्हल गिअरचा: शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून दातांत कागदाच्या पट्टीइतकी, साधारण 0.1 मिमी, फट ठेवा. कमी ठेवली तर गिअर ओरडतो, जास्त ठेवली तर दात तुटतात.

गिअर्ड मोटर आणि व्हीएफडी (हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). रोज तेच प्रॉडक्शन असेल तरच. 5 मिमी पिचच्या स्क्रूवर 60 आरपीएमची गिअर्ड मोटर 50 हर्ट्झला मिनिटाला 300 मिमी देते आणि 10 हर्ट्झला 60 मिमी. 20 मिमीचा चार दातांचा एचएसएस एंडमिल माइल्ड स्टीलवर 400 आरपीएमने, दाताला 0.05 मिमी, म्हणजे मिनिटाला 80 मिमी. 63 मिमीचा पाच इन्सर्टचा फेसमिल 600 आरपीएमने, दाताला 0.1, म्हणजे 300. दोन्ही कामं बसतात. पण 10 हर्ट्झखाली मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो नि ती तापते, म्हणून बारीक फीड लागणाऱ्यांनी इकडे वळू नये. बोल्ट-ऑनवर तो डायल फिरवून मिळतो.

सिंगल फेजच्या व्हीएफडीतून 230 व्होल्टचे तीन फेज निघतात, आणि आपल्याकडची छोटी मोटर 415 साठी स्टारमध्ये जोडलेली येते (स्टार आणि डेल्टा या वायंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती). पट्ट्या बदलून डेल्टा केल्याशिवाय तिला जोर येत नाही. सहा टर्मिनल बाहेर आहेत ना, हे मोटर घेतानाच बघा. वर्म गिअरबॉक्स टेबलाच्या हँडलने, म्हणजे बाहेरच्या बाजूने, फिरवता येत नाही, म्हणून मधे डॉग क्लच (दातांनी अडकणारा, हवा तेव्हा सोडवता येणारा क्लच) हवाच, नाहीतर हाताने सेटिंग करणं संपलं. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, म्हणजे वायर तुटली तरी टेबल थांबेल. आणि हँडल काढून ठेवता येईल असं बसवा: 300 मिमीच्या फीडला ते मिनिटाला 60 फेरे फिरतं आणि थेट मनगटावर बसतं.