निळा सोफा आणि पाद्रोनचा कागद

स्पेनमधल्या सालामांकाला निघताना मला एकच भीती होती, की पत्त्यावर पोचेन आणि तिथे तसं घरच नसेल. असले किस्से खूप ऐकले होते, म्हणून व्हिडिओ कॉलवर घर बघून घेतलं होतं. घर होतं. फोटोतला निळा सोफाही होता. सेन्योराने, म्हणजे जिच्याकडे मी राहणार होते त्या बाईने, दार उघडून दोन्ही गालांना गाल लावले, मला 'इखा' म्हणजे लेकी म्हणाली, आणि मला हायसं वाटलं.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकून 2023 च्या सप्टेंबरमध्ये मी नऊ महिन्यांच्या कोर्सला आले. भाषाशाळा स्वतः होस्ट फॅमिली देत होती, पण आठवड्याच्या हिशेबाने, आणि ती मला महाग वाटली. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने स्वस्तातली सुचवली. महिना 700 युरो, तीन वेळचं जेवण, घरात नवरा, कॉलेजातली मुलगी आणि आजी. तीन महिन्यांचे आगाऊ आणि एका महिन्याची फियान्सा, म्हणजे डिपॉझिट. एकूण 2800 युरो, साधारण अडीच लाख रुपये. बाबांनी एफडी मोडली.

इथे मी केलेला गाढवपणा सांगते, तो अजून घरीही नीट सांगितलेला नाही. परदेशी पैसे पाठवताना बँकेच्या ए-टू फॉर्मवर कारण लिहावं लागतं. सेन्योराचा मेसेज आला: 'रेगालो' लिही, भेट म्हणून, नाहीतर मला कर लागेल आणि तो तुझ्याकडूनच घ्यावा लागेल. कन्सल्टंट म्हणाला, सगळे तेच लिहितात. मी लिहिलं.

आता घराचं. नवरा, मुलगी, आजी यांपैकी कुणीच तिथे राहत नव्हतं, सेन्योरासुद्धा नाही. राहत होतो आम्ही पाच मुली. हॉलच्या मधोमध प्लायवूड ठोकून दोन खोल्या केल्या होत्या, त्यातली खिडकी नसलेली माझी. सेन्योरा दुपारी डब्यातून मसूर किंवा बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाडसर ऑम्लेट, आणून ठेवायची. रात्रीचं जेवण म्हणजे पाव. तरी मी गप्प बसले, कारण ती गोड बोलायची. मला ताप आला तेव्हा तिने लिंबू-मध आणून दिलं होतं. लिंबू-मध देणाऱ्या बाईकडे करारपत्र कुठल्या तोंडाने मागायचं?

पण कागदाशिवाय स्पेनमध्ये पान हलत नाही. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला देशात आल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्यासाठी आधी 'सीता प्रेविया', म्हणजे अपॉइंटमेंट. (नाव सीतेचं, वनवास आपल्याला.) आणि तिथे लागतो पाद्रोनचा दाखला. तुम्ही या गावात, या पत्त्यावर राहता अशी पालिकेच्या वहीतली नोंद, आपल्या रहिवासी दाखल्यासारखी. तिच्यासाठी भाड्याचा करार दाखवायचा, किंवा ज्याच्या नावावर घर वा करार आहे त्याची सही असलेलं संमतिपत्र.

सेन्योराला सही मागितली. आधी "मान्याना", उद्या. मग, विद्यार्थ्यांना पाद्रोन लागतच नाही. मग, माझा चुलतभाऊ पालिकेत आहे, 200 युरोंत करून देईल. मी शंभर देऊनही बसले. वर्गातल्या एका ब्राझिलियन मुलीला प्लासा मायोरच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकाच्या, घड्याळाखाली भेटले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. पाद्रोनला पैसे पडत नाहीत, आणि जिथे राहतो तिथे नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणाली. गंमत म्हणजे, सगळं सालामांका ज्या घड्याळाखाली भेटतं ते आयुंतामिएंतोच्याच, म्हणजे पालिकेच्या इमारतीवर आहे.

खरं कारण चोविसाव्या दिवशी कळलं. सकाळी किल्लीने दार उघडून एक म्हातारे गृहस्थ आत आले आणि आम्हाला बघून आमच्याहून जास्त घाबरले. घर त्यांचं होतं. सेन्योराने ते एका कुटुंबासाठी म्हणून भाड्याने घेतलं होतं आणि पुढे खोली खोली करून आम्हाला दिलं होतं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय असं पोटभाड्याने देता येत नाही. ती आमच्या पाद्रोनवर सही करणार कशी? तो तिच्याविरुद्धचा पुरावाच झाला असता. गृहस्थ भले होते, त्यांनी आम्हाला पंधरा दिवस दिले. सेन्योराचा फोन त्या दिवसापासून बंद.

मी देनुन्सिया, म्हणजे पोलीस तक्रार, दिली. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, बँकेची पावती हातात घेतली आणि एका शब्दावर बोट ठेवलं: रेगालो. "तुम्ही तर यांना भेट दिलीत." तक्रार नोंदवून घेतली, पण आजवर एक युरो परत आलेला नाही. कन्सल्टंटचं उत्तर ठरलेलं, तो तुमच्या दोघींमधला खासगी व्यवहार.

शेवटी शाळेनेच एका निवृत्त परिचारिकेकडे सोय करून दिली. या आजी मला 'इखा' वगैरे काही म्हणत नाहीत. अंघोळ लांबली की दार वाजवतात, दुपारी तीननंतर जेवायला आलं तर ताट झाकलेलं नसतं. पण पहिल्याच दिवशी चष्मा लावून त्यांनी संमतिपत्रावर सही केली, सोबत आपल्या ओळखपत्राची झेरॉक्स दिली. पाच मिनिटं लागली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी ठसे देऊन आले.

तुम्ही येत असाल तर फोटो, व्हिडिओ कॉल, गोड आवाज यांवर जाऊ नका, तसं खरं घर माझ्याही वाट्याला आलं होतं. व्हिसा मिळाला म्हणजे पत्ता कुणीतरी तपासला, असंही धरू नका, मी नेमकं तेच धरलं होतं. पैसे पाठवण्याआधी लेखी विचारा, तुमच्या पत्त्यावर मला पाद्रोन करता येईल का, आणि संमतिपत्रावर सही कोण करणार. घरमालक खरा कोण हे 'नोता सिंप्ले' नावाच्या मालमत्तेच्या उताऱ्यात दिसतं, आपल्या सातबाऱ्यासारखं, आणि थोड्या युरोंत ऑनलाइन मागवता येतं. बँकेच्या फॉर्मवर खरं कारण लिहा. समोरच्याचा कर समोरच्याने बघावा.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका मुलीने मला एका घराचे फोटो पाठवले, "ताई, हे बरं आहे का?" वेगळं गाव, वेगळं नाव, सोफा तोच निळा, त्याच्या हातावर तोच चहाचा डाग. तिला म्हटलं, भांडू नकोस, फक्त पाद्रोनचं विचार. तिने विचारलं. दोन निळ्या खुणा उमटल्या आहेत, उत्तर अजून आलेलं नाही.